घरगुती राउटरमधील कार्यनोंदी व ई-मेल सूचना : स्वरूप, मांडणी आणि मर्यादा

सारांश

घरातील इंटरनेट जोडणी ज्याच्या नावावर असते, त्या जोडणीवरून घडलेल्या कोणत्याही गैरप्रकाराबाबत पहिली विचारणा त्याच व्यक्तीला होते. अशा वेळी उपयोगी पडू शकणारी राउटरमधील कार्यनोंद बहुतेक घरांत एक तर बंद असते, किंवा वीजपुरवठा खंडित होताच पुसली जाते. कार्यनोंद सुरू करणे, तिचे घड्याळ अचूक ठेवणे आणि तिची प्रत ई-मेलद्वारे राउटरबाहेर पाठविणे या तीन गोष्टी एकत्र केल्या, तरच नोंदीला अर्थ प्राप्त होतो, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. तसेच अशा नोंदींच्या तांत्रिक, वैधानिक आणि नैतिक मर्यादांचाही विचार केला आहे.

बीजशब्द : राउटर, कार्यनोंद, ई-मेल सूचना, प्रमाणवेळ, इलेक्ट्रॉनिक पुरावा, खाजगीपणा.

१. प्रस्तावना

मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीच्या काळात अध्यापनाचे काम घरी आले आणि त्यातील बराचसा भाग पुढेही घरीच राहिला. बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाच्या व महाविद्यालयाच्या संकेतस्थळांवर माहिती भरणे, मूल्यांकनाची कागदपत्रे तयार करणे, संशोधनाची सामग्री पाठविणे ही कामे अनेक प्राध्यापक आज घरच्या इंटरनेटवरूनच करतात. म्हणजेच ज्या जोडणीवर मुले खेळ खेळतात, पाहुणे चलचित्रे पाहतात आणि काही घरांत भाडेकरू विद्यार्थीही अभ्यास करतात, त्याच जोडणीवर प्राध्यापकाचे अधिकृत कामही चालते.

या सर्व वाहतुकीचे प्रवेशद्वार म्हणजे राउटर होय. घराबाहेरच्या जगाला घरातील पाच-दहा उपकरणे वेगवेगळी दिसत नाहीत. त्या सर्वांचा एकच सार्वजनिक पत्ता दिसतो. कोणते उपकरण केव्हा जोडले गेले आणि राउटरच्या मांडणीत कोणी बदल केला, याची माहिती घराच्या आत फक्त राउटरजवळ असते. ती जपून ठेवण्याची सोय अनेक राउटरमध्ये असूनही तिच्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. हा विषय केवळ तंत्रज्ञांचा नसून प्रत्येक जोडणीधारकाचा कसा आहे, हे समजण्यासाठी महाराष्ट्रातील एका घटनामालिकेची आठवण करणे उपयुक्त ठरेल.

२. पार्श्वभूमी : २००८ मधील तीन ई-मेल

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद शहरात साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांपूर्वी काही मिनिटे 'इंडियन मुजाहिदीन' या नावाने एक ई-मेल वृत्तसंस्थांना पाठविण्यात आला होता. त्याच्या पत्त्याचा माग घेत तपास यंत्रणा नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेपर्यंत पोहोचल्या. तेथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाचा त्या ई-मेलशी संबंध नव्हता. त्याची बिनतारी जोडणी असुरक्षित होती आणि तिचा वापर बाहेरच्या व्यक्तीने केला होता. परंतु हे स्पष्ट होईपर्यंत त्याला प्रदीर्घ चौकशीला सामोरे जावे लागले.

त्यानंतर २३ ऑगस्ट २००८ रोजी याच नावाचा ई-मेल मुंबईतील माटुंगा येथील खालसा महाविद्यालयाच्या जोडणीवरून, तर १३ सप्टेंबर २००८ रोजी दिल्लीतील स्फोटांच्या वेळी चेंबूर येथील एका खाजगी कंपनीच्या जोडणीवरून पाठविला गेला. एक घर, एक महाविद्यालय आणि एक कार्यालय अशा तीन भिन्न ठिकाणांचा गैरवापर एकाच पद्धतीने झाला. फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्रीय दूरसंचार विभागाने बिनतारी जोडण्यांच्या सुरक्षित वापराबाबत सेवा पुरवठादारांना सूचना दिल्या.

या घटनांतून दोन गोष्टी दिसतात. पहिली, इंटरनेटवरील पत्ता हा जोडणीचा असतो, व्यक्तीचा नसतो. दुसरी, त्या पत्त्यापासून व्यक्तीपर्यंतचा प्रवास करताना घराच्या आतील नोंदी उपलब्ध नसतील, तर जोडणीधारकाजवळ स्वतःच्या शब्दाखेरीज दुसरे काहीही उरत नाही.

३. कार्यनोंदीचे स्वरूप

राउटरमध्ये घडणाऱ्या घटनांची कालक्रमाने ठेवलेली यादी म्हणजे कार्यनोंद, अर्थात लॉग होय. या नोंदी ठेवण्याची 'सिसलॉग' ही सर्वमान्य पद्धत एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात विकसित केली. तीत प्रत्येक घटनेला शून्य ते सात अशा आठ पातळ्यांपैकी एक पातळी दिली जाते. शून्य म्हणजे यंत्रणा निकामी होण्याइतकी गंभीर स्थिती, तर सात म्हणजे दुरुस्तीच्या वेळी लागणारा सूक्ष्म तपशील.

घरगुती राउटरच्या नोंदीत सामान्यतः पुढील प्रकारच्या घटना आढळतात :

(अ) राउटर सुरू होणे, बंद पडणे, बाहेरची जोडणी तुटणे व पुन्हा जुळणे.
(आ) एखादे उपकरण जोडले जाणे, त्याला मिळालेला अंतर्गत पत्ता आणि त्याचा हार्डवेअर पत्ता, म्हणजेच मॅक पत्ता.
(इ) राउटरच्या व्यवस्थापन पानावर प्रवेशाचे यशस्वी अथवा अयशस्वी प्रयत्न.
(ई) मांडणीतील बदल, उदाहरणार्थ पासवर्ड बदलणे किंवा राउटरची अंतर्गत प्रणाली अद्ययावत करणे.
(उ) बाहेरून आलेल्या आणि अडविलेल्या जोडण्या.

कार्यनोंदीत काय नसते हेही ध्यानात घेतले पाहिजे. आज बहुसंख्य संकेतस्थळे सांकेतिक रूपात माहितीची देवाणघेवाण करतात. त्यामुळे कोणता मजकूर पाहिला, कोणता संदेश लिहिला, हे राउटरला कळत नाही. फार तर कोणत्या पत्त्याशी संपर्क झाला एवढेच कळते, आणि तेही सर्व राउटर नोंदवीत नाहीत.

४. नोंद नष्ट का होते?

बहुतेक घरगुती राउटर आपली नोंद तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात. ही स्मृती लहान असते. ती भरली की जुन्या ओळी पुसून नव्या लिहिल्या जातात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वीज गेली की ती संपूर्ण रिकामी होते. ज्या भागात उन्हाळ्यात व वादळी पावसात वीजपुरवठा वारंवार खंडित होतो, त्या भागात राउटरमधील नोंद एका आठवड्याची असेलच अशी खात्री देता येत नाही. ज्या दिवसाची माहिती हवी, नेमका तोच दिवस पुसला गेलेला असतो.

दुसरा प्रश्न घड्याळाचा आहे. अनेक राउटरमध्ये वीज नसताना चालणारे घड्याळ नसते. असे राउटर पुन्हा सुरू झाल्यावर १ जानेवारी १९७० किंवा कारखान्यात ठरविलेली एखादी तारीख धरून चालतात, आणि इंटरनेटवरील वेळदर्शक सेवेशी संपर्क झाल्यानंतरच योग्य वेळेवर येतात. संगणकशास्त्रातील युनिक्स परंपरेत कालगणना १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रीनिचच्या वेळेनुसार, केली जाते. त्यामुळेच नोंदीत मध्येच १९७० साल दिसले तर तो बिघाड समजू नये. राउटर त्या वेळी नुकताच सुरू झाला होता, एवढाच त्याचा अर्थ होतो.

वेळक्षेत्राची निवड चुकली तर घोटाळा अधिक सूक्ष्म असतो. भारतीय प्रमाणवेळ ग्रीनिचच्या वेळेपेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. ११ तारखेच्या पहाटे १ वाजता घडलेली घटना ग्रीनिचच्या वेळेवर चालणाऱ्या राउटरमध्ये १० तारखेच्या सायंकाळी ७.३० वाजता नोंदली जाते. केवळ तासच नव्हे, तर तारीखही बदलते. सेवा पुरवठादाराच्या नोंदीशी अशी नोंद जुळविताना निष्पाप व्यक्तीवर संशय येऊ शकतो.

घड्याळाचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढले आहे. पत्त्यांच्या टंचाईमुळे अनेक सेवा पुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. अशा व्यवस्थेत ग्राहक ओळखण्यासाठी केवळ पत्ता पुरत नाही. त्या क्षणाचा पोर्ट क्रमांक आणि अचूक वेळ आवश्यक असते.

५. कार्यनोंद सुरू करण्याचा क्रम

राउटरचे व्यवस्थापन पान संगणकावरील ब्राउझरमधून उघडता येते. त्याचा पत्ता सामान्यतः १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असून तो राउटरच्या तळाशी छापलेला असतो. पुढील क्रम पाळणे सोयीचे ठरते.

प्रथम व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड बदलावा. जुलै २०१७ मध्ये देशातील अनेक ब्रॉडबँड मोडेम एका घातक प्रणालीने बाधित झाले होते. त्यांत कारखान्यातील मूळ पासवर्ड न बदललेल्या मोडेमचा समावेश होता. व्यवस्थापकाचा पासवर्ड जगजाहीर असेल, तर घुसखोर नोंद पुसूनही जाऊ शकतो. मग नोंद ठेवण्याला अर्थच उरत नाही. याच वेळी बाहेरून व्यवस्थापन करण्याची सोय बंद करावी आणि बिनतारी जोडणीसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षा पद्धत निवडावी.

दुसऱ्या पायरीत वेळ निश्चित करावी. वेळक्षेत्र भारतीय प्रमाणवेळेचे निवडावे व वेळदर्शक सेवा सुरू करावी. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा या दोन्ही संस्था इंटरनेटवर अशी सेवा देतात. भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी याच प्रयोगशाळेकडे आहे.

तिसऱ्या पायरीत नोंदीचे पान उघडावे. ते 'सिस्टिम लॉग' किंवा नुसते 'लॉग्ज' या नावाने 'सिस्टिम टूल्स', 'अ‍ॅडव्हान्स्ड' अथवा 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' या विभागात असते. पातळी निवडण्याची सोय असल्यास 'इन्फर्मेशनल', म्हणजे सहावी पातळी, नोंदीसाठी योग्य ठरते. सातवी पातळी निवडल्यास क्षुल्लक ओळींनी स्मृती काही तासांतच भरून जाते.

६. ई-मेलद्वारे प्रत व सूचना

टीपी-लिंक व नेटगिअर यांच्या अनेक राउटरमध्ये नोंद ई-मेलने पाठविण्याची सोय दिलेली आहे. तेथे पाठविणाऱ्याचा पत्ता, प्राप्तकर्त्याचा पत्ता, ई-मेल सेवेच्या सर्व्हरचे नाव, पोर्ट क्रमांक, वापरकर्ता नाव व पासवर्ड एवढी माहिती भरावी लागते. पोर्ट क्रमांक सामान्यतः ५८७ किंवा ४६५ असतो. नोंद दररोज ठरावीक वेळी पाठवावी की ठरावीक तासांनी, हेही निवडता येते.

येथे एक अडचण हमखास येते. ३० मे २०२२ पासून गुगलने केवळ वापरकर्ता नाव व नेहमीचा पासवर्ड यांवर चालणाऱ्या उपकरणांना जीमेलमध्ये प्रवेश देणे टप्प्याटप्प्याने बंद केले. त्यामुळे जुन्या माहितीपुस्तिकेतील सूचना तंतोतंत पाळूनही ई-मेल जात नाही. यावरील उपाय असा की, खात्यात द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी आणि राउटरसाठी सोळा अक्षरी स्वतंत्र 'अ‍ॅप पासवर्ड' तयार करावा. शक्यतो हे खातेही वेगळे असावे. राउटरमध्ये साठविलेला पासवर्ड पुरेसा सुरक्षित असतोच असे नाही. तेव्हा ज्या खात्यावर विद्यापीठाचा पत्रव्यवहार चालतो, ते खाते या कामासाठी वापरू नये.

ई-मेलकडे केवळ इशारा म्हणून पाहणे पुरेसे नाही. राउटरमधून बाहेर पडलेली नोंद वीज गेल्याने नष्ट होत नाही, आणि घुसखोराला राउटरमधून ती पुसता येत नाही. शिवाय ई-मेल सेवेचा सर्व्हर पत्र मिळाल्याची स्वतःची वेळ त्यावर उमटवितो. राउटरचे घड्याळ चुकलेले असले तरी त्या नोंदीजवळ एक दुसरे, स्वतंत्र घड्याळ असते. नोंदीची दुसरी प्रत आणि दुसरे घड्याळ हे ई-मेल सुविधेचे खरे मोल होय.

सूचना मात्र मोजक्या घटनांचीच मागवावी. व्यवस्थापन पानावरील अयशस्वी प्रवेश, मांडणीतील बदल, नव्या उपकरणाची जोडणी आणि राउटर पुन्हा सुरू होणे या चार घटना पुरेशा आहेत. त्यांतील ज्यांची स्वतंत्र सूचना राउटर देत नाही, त्या दैनिक नोंदीत पाहाव्यात. बाहेरून होणाऱ्या प्रत्येक चाचपणीची सूचना घेतल्यास दिवसाला शेकडो पत्रे येतात, काही दिवसांत ती न उघडताच पुसण्याची सवय जडते आणि त्यांत खरा इशाराही हरवतो.

मांडणी पूर्ण झाल्यावर तिची परीक्षा घेणे आवश्यक आहे. व्यवस्थापन पानावर हेतुपुरस्सर चुकीचा पासवर्ड टाकून नोंदीत ओळ उमटते का, पत्र येते का, हे पाहावे. त्यानंतर राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा आणि काही मिनिटांत घड्याळ योग्य वेळेवर येते का, हे तपासावे. ही परीक्षा न घेतलेली मांडणी गृहीत धरता येत नाही.

सेवा पुरवठादाराने दिलेल्या अनेक फायबर उपकरणांमध्ये ई-मेलची सोय नसते. तेथे दोन पर्याय उरतात. 'रिमोट सिसलॉग' ही सोय असल्यास नोंद घरातील दुसऱ्या संगणकावर पाठविता येते. मात्र तो संगणक सतत सुरू असावा लागतो आणि ही पद्धत सांकेतिक नसल्याने ती घराच्या आतच वापरावी. हेही शक्य नसल्यास आठवड्यातून एकदा नोंद उतरवून तारखेनिशी साठवावी. राउटर व फायबर उपकरण या दोहोंसाठी त्यांच्या व्होल्टेजला अनुरूप असा छोटा यूपीएस बसविल्यास अल्पकाळ वीज गेल्याने होणारी हानी टळते. जोडणीच बंद असताना मात्र ई-मेल जाऊ शकत नाही, ही मर्यादा कायम राहते.

७. पुरावा म्हणून नोंदीचे स्थान

इलेक्ट्रॉनिक नोंदीची विश्वासार्हता हा प्रश्न आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील एका प्रकरणामुळे देशभर चर्चिला गेला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातील उमेदवारी अर्ज दुपारी ३ वाजण्याच्या मुदतीनंतर स्वीकारले गेले की काय, असा वाद होता आणि त्यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाचा आधार घेण्यात आला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. मूळ उपकरणच न्यायालयात सादर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे त्यात स्पष्ट करण्यात आले.

१ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ ने घेतली असून संबंधित तरतूद आता कलम ६३ मध्ये आहे. त्यासोबतच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात नोंदीचे 'हॅश' मूल्य नमूद करावे लागते. हॅश म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी हा ठसा बदलतो. म्हणून जतन केलेली नोंद संपादित करू नये, तिच्यात खुणा करू नयेत आणि मूळ ई-मेल पुसू नये.

नोंद किती काळ ठेवावी, याबाबत 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेले निर्देश मार्गदर्शक ठरतात. सेवा पुरवठादार, माहिती केंद्रे, निगम संस्था व शासकीय संस्था यांनी नोंदी १८० दिवस जपाव्यात आणि घड्याळे राष्ट्रीय वेळसेवेशी जुळवावीत, असे त्यांत म्हटले आहे. सामान्य नागरिकाच्या घराला हे निर्देश लागू नाहीत. परंतु १८० दिवसांचा हा काळ घरासाठीही वाजवी मानता येईल.

८. मर्यादा आणि खाजगीपणाचा प्रश्न

कार्यनोंद उपकरण दाखविते, व्यक्ती दाखवीत नाही. एकच भ्रमणध्वनी घरातील तिघे वापरीत असतील, तर त्यांपैकी कोण, हे नोंद सांगू शकत नाही. २०१९ मधील अँड्रॉइड १० आणि २०२० मधील आयओएस १४ पासून भ्रमणध्वनी आपला खरा मॅक पत्ता लपवून कृत्रिम पत्ता वापरतात. त्यामुळे जुनेच उपकरण कधी कधी नवे भासते आणि सूचना आली म्हणजे घुसखोरी झाली, असा निष्कर्ष काढता येत नाही. त्याचप्रमाणे नोंदीत काही आढळले नाही म्हणून काही घडलेच नाही, असेही म्हणता येत नाही.

दुसरी मर्यादा नैतिक आहे. राउटरची नोंद ठेवणारा गृहस्थ कळत-नकळत घरातील सर्वांची हालचाल पाहू लागतो. कोण रात्री किती वाजता जागे होते, कोणता भ्रमणध्वनी केव्हा घरात आला, हे त्या ओळींवरून उमगते. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात मान्य केले. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मधून व्यक्तीने स्वतःच्या वैयक्तिक वा घरगुती हेतूसाठी केलेली माहितीची हाताळणी वगळलेली आहे. परंतु कायद्याने वगळले म्हणून कुटुंबातील विश्वासाचा प्रश्न सुटत नाही. पत्नी, मुले, वृद्ध आईवडील व भाडेकरू या सर्वांना नोंद ठेवली जात असल्याचे आणि तिचा हेतू काय आहे याचे पूर्वकल्पनेने ज्ञान असले पाहिजे. संकेतस्थळांच्या नोंदीची सोय बंद ठेवूनही सुरक्षेचे बहुतेक उद्दिष्ट साध्य होते. पाहुणे व भाडेकरू यांच्यासाठी स्वतंत्र 'गेस्ट' जाळे सुरू केल्यास त्यांची उपकरणे व प्राध्यापकाचे कामकाज परस्परांपासून वेगळे राहते आणि कोणाच्या खाजगी वर्तनात डोकावण्याची गरजही कमी होते.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. इंटरनेटवरील पत्ता जोडणीची ओळख सांगतो, व्यक्तीची नव्हे. म्हणून घरातील घटनांची नोंद जोडणीधारकाच्या हिताची असते.
२. राउटरच्या आतच राहणारी नोंद वीज खंडित होताच नष्ट होऊ शकते. ती बाहेर पाठविल्याशिवाय तिच्यावर विसंबता येत नाही.
३. भारतीय प्रमाणवेळेशी न जुळलेली नोंद उपयोगापेक्षा अपाय अधिक करू शकते.
४. सूचना मोजक्या असाव्यात आणि मांडणीची प्रत्यक्ष परीक्षा घेतलेली असावी.
५. नोंद ठेवताना घरातील व्यक्तींना विश्वासात घेणे ही तांत्रिक मांडणीइतकीच आवश्यक बाब आहे.

या कामासाठी बहुतांश घरांत नव्या यंत्राची गरज नाही. असलेल्या राउटरच्या मांडणीसाठी तासाभराचा वेळ पुरेसा आहे. प्राध्यापकाने हा तास स्वतःच्या घरासाठी दिल्यास महाविद्यालयातील जाळ्यांबाबतही नेमके प्रश्न विचारण्याची क्षमता त्याला प्राप्त होईल. २००८ मध्ये ज्या तीन जोडण्यांचा गैरवापर झाला त्यांपैकी एक महाविद्यालयाची होती, ही गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही.